"लाइट लाव नं बाप्पा!"

२०२४ सालच्या अशोक विजयादशमीला आम्ही सहकुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. गाडी पुतण्याची, त्याने सेकंडहँड घेतलेली जुनी वॅगन-आर. निघण्यापूर्वी पोराने गाडी धुऊन-पुसून लख्ख केली. समोर पंचशील ध्वज लावला, मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'जय भीम' लिहून घेतले. पुढच्या दोन दिव्यांकडे मात्र आमच्यापैकी कोणाचेच लक्ष गेले नाही. डोळ्यात मोतीबिंदू व्हावा तशी पिवळट साय त्यांच्यावर चढली होती.

परत अकोल्याकडे येताना रात्र झाली. महामार्गावर काही जाणवले नाही, कारण इतर गाड्यांचा उजेड होता. मूर्तिजापूर सोडल्यावर वहिनींना गावी पोचवण्यासाठी आतल्या रस्त्याला लागलो. हंगाम सोयाबीनचा. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेले आणि त्याच्या कडेने दगड मांडलेले. एकाएकी पुतण्याने करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा समोर दोन हातांवर एक म्हातारे बाबा चादर पांघरून राखणीला बसलेले होते. उठता उठता ते म्हणाले, "लाइट लाव नं बाप्पा! अंधारात काहून चालवतं गाडी?"

दिवे लावलेलेच होते.

घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. त्याच दिवशी सकाळी आम्ही दीक्षाभूमीवर पंचशील ग्रहण केले होते. पहिले शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे. हिंसा केवळ हात उगारल्यानेच होते असे नाही, ती हयगयीनेही होते, हे त्या रात्री आम्हाला उमगले.

दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, शंभर वॉटचा बल्ब टाकून देतो." आम्ही नको म्हटले. साध्या हॅलोजन दिव्याची वायर आणि होल्डर ५५-६० वॉटच्या बल्बाच्या हिशेबाने असतात. जादा वॉटचा बल्ब त्यांना तापवतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. दोष बल्बात नव्हताच, तो वरच्या आवरणात होता.

जुन्या ॲम्बेसिडर, पद्मिनी गाड्यांचे दिवे काचेचे असत. ते पिवळे पडत नसत. हल्लीच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे आवरण असते. ते वजनाला हलके आणि सहसा न फुटणारे. पण उन्हातील अतिनील किरणांनी ते खराब होते. म्हणून कारखान्यात त्यावर संरक्षक थर देतात. वर्षानुवर्षे ऊन खाऊन हा थर झिजला की प्लास्टिक पिवळे व धुरकट होते. अमेरिकेतील 'एएए' या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ साली चाचणी घेतली, तेव्हा अशा खराब दिव्यांतून नव्याच्या सुमारे एक-पंचमांशच उजेड मिळतो असे दिसले.

पुतण्याने कोणाचे तरी ऐकून टूथपेस्ट घासली. दिवा चकाकला, पण तीन आठवड्यांत पुन्हा जैसे थे. टूथपेस्टमधील बारीक कण वरवरची साय काढतात, गेलेला संरक्षक थर काही परत आणत नाहीत. मग एका रविवारी आम्ही दोघे नीट कामाला लागलो.

प्रथम गाडी सावलीत घेऊन दिवे साबणाच्या पाण्याने धुतले. आजूबाजूच्या रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून कडेने मास्किंग टेप चिकटवली. रंगाच्या दुकानातून वॉटर पेपर आणले होते: ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. कागद साबणाच्या पाण्यात भिजवून आधी ८०० नंबरने एकसारखे आडवे घासले. सुरुवातीला पिवळे पाणी निघते, पुढे पांढरे. पांढरे आले की दिवा धुवायचा आणि पुढचा नंबर घेऊन उभे घासायचे, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळते. या वेळी दिवा पूर्वीपेक्षाही धुरकट दिसतो. पुतण्या घाबरला, "काका, वाटोळे झाले!" पण २००० नंबर झाल्यावर मऊ फडक्याने रबिंग कंपाउंड घासले आणि आतला बल्ब स्वच्छ दिसू लागला.

काम येथे संपत नाही, आणि बहुतेकांची चूक येथेच होते. घासलेले प्लास्टिक उघडे ठेवले तर काही महिन्यांत पुन्हा पिवळे पडते. म्हणून दिवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडा करून, अतिनील किरण रोखणाऱ्या पारदर्शक स्प्रेचे पातळ थर दिले. स्प्रे मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क बांधून, विडी-काडी आणि लेकरे दूर ठेवूनच मारावा. पेट्रोल, थिनर मात्र दिव्याला लावू नये. त्याने प्लास्टिकला तडे जातात. आणि दिव्यात आतून पाणी साचले असेल किंवा आतला चकचकीत पत्रा काळवंडला असेल, तर बाहेरून घासून उपयोग नाही. दिवाच बदलावा.

खर्चाचा हिशेब असा: वॉटर पेपर १०० रुपये, कंपाउंड १८०, टेप ४०, स्प्रे ६००, एकूण ९२० रुपये. अल्कोहोल घरात होतेच. नवीन जोडीचे दुकानदाराने साडेतीन हजार सांगितले होते. वेळ लागला तीन तास. उरलेल्या सामानात पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या आवारात आणखी दोन बांधवांच्या गाड्यांचे दिवे झाले. त्यांतील एक बांधव रात्रपाळीच्या कामगारांची ने-आण करतात.

डिसेंबरात वहिनींना आणायला आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. सोयाबीन केव्हाच उचलले गेले होते, बाबाही नव्हते. कडेचे काही दगड तेवढे राहिले होते. ते आता लांबूनच दिसले. पुतण्याने गाडी हळू केली आणि म्हणाला, "काका, त्या रात्री हे दगडसुद्धा दिसले नव्हते."

बांधवांनो, गाडीवर निळा झेंडा अवश्य लावावा, नावही लिहावे. पण रात्रीच्या रस्त्यावर पायी चालणारा, राखणीला बसणारा, पाळी संपवून सायकलने घरी येणारा बहुधा आपल्यातलाच असतो. आज संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, दिवे लावा आणि खाली उतरून पाहा. भिंतीवर उजेड पडतो की नुसता पिवळा डाग, ते लगेच कळेल.

जय भीम!