गिरगाव ते दादर : एक जागती रात्र

प्रवासाला जायचे म्हणजे निदान कल्याण तरी ओलांडले पाहिजे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. होल्डॉल नाही, फिरकीचा तांब्या नाही, फलाटावर निरोपाला कोणी नाही, तर तो कसला प्रवास! पण गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघा मित्रांनी शनिवार-रविवार मिळून जो प्रवास केला, त्याची लांबी गिरगाव ते दादर एवढीच होती.

निमित्त झाले आमच्या मँचेस्टरकराचे. हा आमचा शाळासोबती तिकडे वीस वर्षे नोकरीला आहे. इंग्लंडातली गावे तो शनिवारी रात्री मित्रांबरोबर पालथी घालतो आणि रविवारी झोप काढतो. "तुमच्या मुंबईचे नाइटलाइफ दाखवा," अशी त्याने फर्माईश केली. आम्ही तिघे : एक गिरगावकर, एक परळचे मास्तर आणि मी दादरचा. प्रत्येकाला आपल्या गावाचा अभिमान. तेव्हा ज्याने त्याने आपापल्या गावची रात्र दाखवावी, असे ठरले.

पहिला मान गिरगावकराचा. पणशीकरांकडचे पीयूष पाजून त्याने आम्हांला पायी फिरवले. जिथे 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लागला ते कॉरोनेशन गिरगावातले आणि जिथे १९३१ साली 'आलम आरा' बोलू लागला ते मॅजेस्टिकही गिरगावातलेच. दोन्ही चित्रपटगृहे आज नाहीत. ऑपेरा हाउस मात्र आहे. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, १९९३ मध्ये दारे मिटली आणि २०१६ साली ती पुन्हा उघडली. आमचा यजमान ती झुंबरे स्वतःच्या दिवाणखान्यातली असल्यासारखी दाखवीत होता.

पण त्याचा खरा जीव साहित्य संघात. "नाटक हे निम्मे गिरगाव," तो म्हणाला. "उरलेले निम्मे म्हणजे नाटक सुटल्यावर चाळीच्या जिन्यात चाललेला वाद. नाटक तीन तासांचे, वाद पहाटेपर्यंत. कुणाला कामाला जायचे आहे की नाही, अशी शंका यावी!" आता वाद घालणारे बोरिवली-डोंबिवलीला गेले. चाळींच्या जागी मनोरे उठले. जमिनीखाली मेट्रोचे 'गिरगाव' स्थानक झाले आहे. त्यामुळे गिरगाव निदान नकाशावरून तरी पुसले जाणार नाही, एवढे समाधान मानून आम्ही टॅक्सी केली.

लालबागला उतरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. चिवडा गल्लीचा खमंग वास आणि मिरची-मसाल्यांचा ठसका, या दोहोंनी मिळून आमचे स्वागत केले. गणपतीच्या दिवसांत इथल्या रांगा साऱ्या देशाला दिसतात. गणेश गल्लीचा गणपती १९२८ चा आणि 'लालबागचा राजा' १९३४ चा. पण मास्तरांनी आम्हांला नेले ते एका जुन्या चाळीत, त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त गिरणीकामगाराकडे.

आजोबा गॅलरीत बसले होते. मँचेस्टरकराने विचारले, "आजोबा, तुमच्या वेळी रात्री इथे काय असायचे?"

"रात्र कुठे असायची?" आजोबा म्हणाले. "तीन पाळ्या. एका खोलीत आम्ही पंचवीस गडी. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी गुंडाळलेली, अन् हा आडवा. जमीन कधी थंड पडली नाही बघा!"

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली. पुढे भायखळ्यापासून दादरपर्यंत चिमण्यांचे रान उभे राहिले. कोकणातून, साताऱ्याकडून माणसे आली. बायकामुले गावी ठेवून आलेल्या या गड्यांना खानावळवाल्या बायांनी जेवू घातले. त्याच बाया १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त एकत्र आल्या. अपरात्री सुटलेल्या माणसाला भाकरी मिळे आणि करमणूकही मिळे. तमाशाची थिएटरे होती, दशावतार होते, शक्ती-तुरा होता, भजनाची डबलबारी होती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे 'लाल बावटा' कलापथक १९४४ पासून याच वस्तीत डफावर थाप देत होते. दिवसभर मागावर उभा राहिलेला माणूस रात्री रंगभूमीवर राजा होई आणि सकाळी भोंगा झाला की पुन्हा मागावर!

"मग?" मँचेस्टरकराने विचारले.

"मग ब्याऐंशी," आजोबा म्हणाले आणि गप्प झाले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांतले बहुतेक परत मागावर आलेच नाहीत.

तिथून परळला दामोदर नाट्यगृहाकडे गेलो. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. त्या लीगचे हे १९२२ सालचे नाट्यगृह. कामगारांसाठी लीगने रात्रशाळाही चालवली. म्हणजे परळच्या रात्रीला नाटकही ठाऊक होते आणि पाढेही! पुनर्विकासासाठी २०२३ च्या नोव्हेंबरात नाट्यगृह बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला. मास्तर तिथे बराच वेळ उभे राहिले. त्यांनी पहिले नाटक वडिलांच्या मांडीवर बसून इथेच पाहिले होते.

मध्यरात्री लोअर परळ गाठले. जुन्या डिलाईल रोडला आता ना. म. जोशींचेच नाव आहे. त्याच्या आसपासच्या गिरण्यांच्या आवारांत आज पब, मॉल आणि काचेच्या कचेऱ्या आहेत. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सुचवले होते : शहराच्या मोकळ्या जागा, म्हाडाची घरे आणि मालक. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. जानेवारी २०२० मध्ये सरकारने मॉल आणि गिरण्यांच्या आवारांतली दुकाने-उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवायला परवानगी दिली, तेव्हा 'मुंबईत रात्रजीवन येणार' म्हणून केवढा गाजावाजा झाला! आजोबांनी ते ऐकले असते तर पोट धरून हसले असते.

एका आवाराच्या दारावर एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. त्यांनी मास्तरांच्या कोल्हापुरी चपलांकडे पाहिले आणि नम्रपणे मान हलवली. आम्ही चिडलो. मास्तर मात्र शांतपणे म्हणाले, "माझे वडील याच गिरणीत होते. पाच मिनिटे उशीर झाला की त्यांनाही याच फाटकावरून परत पाठवत. परंपरा चालू आहे!"

आम्ही हसलो खरे, पण कुणालाच आत जावेसे वाटले नाही. जवळच कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री आग लागून १४ जीव गेले होते, तेही आठवले. मँचेस्टरकर म्हणाला, "आमच्याकडेही असेच झाले. अँकोट्सच्या कापडगिरण्यांत आता फ्लॅट आहेत. तुमचा संप झाला, त्याच १९८२ साली आमच्याकडे हासिएन्दा नावाचा जगप्रसिद्ध नृत्यक्लब निघाला. १९९७ ला तो बंद पडला. ती इमारत पाडून तिथेही फ्लॅट, नाव मात्र तेच ठेवले!" म्हणजे तिकडे नाचणाऱ्यांनाही शेवटी जागा सोडावी लागली. जमिनीला ना सूत ठाऊक, ना संगीत; तिला फक्त भाव ठाऊक.

शेवटचा मान माझा. पहाटे चारच्या सुमारास मी सर्वांना दादरच्या फूलबाजारात आणले. पुलाखाली झेंडूच्या गोण्या उतरत होत्या, शेवंतीचे ढीग लागले होते आणि वसईकडचा सोनचाफा पहिल्या गाडीने येत होता. हमालांच्या आरोळ्या, चहाची वाफ, बायकांची भावासाठीची हुज्जत! कुणी कुणाच्या चपला पाहत नव्हते. इथे आत यायला एकच अट : वाटेत उभे राहायचे नाही.

"हे तुम्ही आधी का नाही दाखवलेत?" मँचेस्टरकर म्हणाला. मास्तरांनी घरी न्यायला गजरा घेतला आणि प्रथमच जांभई दिली.

शहर रात्री जागे राहते, ही काही नवी कमाई नव्हे. मुंबई दीडशे वर्षे जागतेच आहे. प्रश्न एवढाच, की ज्यांच्या कामाने ती जागते, त्यांना काम सुटल्यावर दोन घटका बसायला, एखादे नाटक पाहायला ती जागा ठेवते की नाही. गिरणगावाने आपल्या कंगालीतही ती ठेवली होती. दामोदरचा पडदा पुन्हा उघडेल त्या रात्री पहिल्या रांगेत बसायचे, असे आम्ही चौघांनी फुलांच्या ढिगांपाशी उभ्याउभ्याच ठरवून टाकले आहे. मास्तर कोल्हापुरी चपला घालूनच येणार आहेत.