खूण घालणारे आणि पुसणारे

‘साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो का?’ या विषयावर संपादकांना लेख हवा होता. गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईला त्याच्या चुकीच्या उत्तराची इतकी किंमत मोजावी लागली आहे, की हो-नाही करून मोकळं व्हावंसं वाटत नाही. उत्तर पेशीच्या पटलात आहे, फॉस्फोइनॉसिटाइड नावाच्या मेदरेणूंमध्ये. माझी उमेदीची सगळी वर्षं याच रेणूंत गेली.

मेद म्हटलं की लोकांना कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आठवतो. या रेणूंचा त्याच्याशी संबंध नाही. पटलात ते अगदी थोडे असतात, पण बाहेरून आलेले कितीतरी निरोप पेशीच्या आत पोचतात ते त्यांच्यामुळेच. त्यांच्या टोकाशी इनॉसिटॉलची सहा कार्बनांची कडी असते. कडीच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जागी फॉस्फेट बसू शकतं. एका जागी, दोन जागी किंवा तिन्ही जागी, असे मिळून सात प्रकार होतात. धोबी कपड्याच्या कोपऱ्यात खूण घालतो आणि तिच्यावरून कपडा कुठल्या घरचा हे ओळखतो. तशीच ही फॉस्फेटची खूण ओळखून प्रथिनं ठराविक पटलाला येऊन चिकटतात. काही विकरं खूण घालतात, काही ती पुसतात, आणि दोन्ही कामं वेळेवर व्हावी लागतात. पुसणारं एक विकर जन्मतःच सदोष असलं, तर मुलाला मोतीबिंदू, मूत्रपिंडाचा विकार आणि बौद्धिक वाढीतली अडचण असा लोव्ह सिंड्रोम होतो. क्षयाचा जंतू तर आपल्याला गिळणाऱ्या पेशीतली अशीच एक खूण पुसून स्वतःचा बचाव करतो.

1953 साली मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्यानं कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांना ॲसिटिलकोलीन दिलं, तेव्हा किरणोत्सारी फॉस्फरस मेदरेणूंत झपाट्यानं शिरताना दिसला. त्याचा अर्थ नीट लागायला 1983 साल उजाडलं. मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पिप-टू हा मेदरेणू तुटला की सुटा होणारा इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम मोकळं करतो. होकिन दांपत्याला नोबेल मिळालं नाही, याची मला आजही खंत वाटते.

आता साखरेकडे येते. 1988 मध्ये लुईस कँटली यांच्या गटानं कडीच्या तिसऱ्या जागी फॉस्फेट बसवणारं विकर ओळखलं: पीआय-थ्री-कायनेज. इन्सुलिन पेशीला भिडलं की हे विकर जागं होतं आणि पिप-टूचं पिप-थ्री करतं. पिप-थ्रीच्या ओढीनं एकेटी नावाचं प्रथिन पटलाशी येतं. मग स्नायू रक्तातली साखर आत घेतात आणि यकृत साखर सोडणं कमी करतं. पण हाच निरोप पेशीला ‘वाढ’ असंही सांगतो. पीटेन नावाचं विकर ही खूण पुसतं, हे 1998 मध्ये कळलं. अनेक कॅन्सरांत तेच हरवलेलं असतं. 2004 मध्ये दिसलं की कितीतरी गाठींमध्ये खूण घालणाऱ्या विकराच्या जनुकातच बदल झालेला असतो आणि ते इन्सुलिनची वाट न पाहता काम करत राहतं.

स्तनाच्या कॅन्सरच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात सुमारे 40 टक्के रुग्णांमध्ये हा बदल सापडतो. त्यांच्यासाठी 2019 मध्ये अमेरिकेत अल्पेलिसिब या गोळीला मान्यता मिळाली. चाचणीत आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ 5.7 महिन्यांवरून 11 महिन्यांवर गेला, पण निम्म्याहून अधिक रुग्णांची साखर वाढली. वाढणारच होती. गाठीतलं विकर आणि यकृत-स्नायूंतलं विकर यांत ही गोळी पुरेसा भेद करत नाही.

माझ्या विद्यार्थिनीच्या आईंची साखरही अशीच चढली. ‘औषधानं मधुमेह दिला,’ असं नातेवाईक म्हणू लागले. कुणीतरी व्हिडिओ पाठवला की केटो आहारानं कॅन्सर उपाशी मरतो. काकूंनी डॉक्टरांना न सांगता भात-पोळी सोडली. वजन झरझर उतरलं, अशक्तपणा आला आणि गोळी थांबवावी लागली. ‘मॅडम, त्या व्हिडिओत तर तुमच्याच विषयाचा पेपर दाखवला होता,’ असं तिनं सांगितलं, तेव्हा मला फार राग आला.

तो 2018 चा पेपर आहे, कँटली यांच्याच गटाचा, आणि उंदरांवरचा. या विकराला रोखणारी औषधं दिली की रक्तातली साखर चढते, तिला उतरवायला स्वादुपिंड इन्सुलिन ओततं, आणि ते इन्सुलिन गाठीतली तीच वाट पुन्हा उघडतं. तेव्हा औषधाच्या जोडीला इन्सुलिन खाली ठेवणारा केटो आहार दिला, तर औषधाचा परिणाम वाढला. मूत्रावाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांनीही फायदा झाला. एवढंच व्हिडिओवाल्यांनी घेतलं, तेही अर्धं. औषधाशिवाय नुसता केटो आहार दिला, तेव्हा परिणाम गाठीगाठीनुसार बदलला, आणि रक्ताच्या एका कॅन्सरच्या उंदरांमध्ये तर आजार आणखी वेगानं वाढला. हे त्याच पेपरात स्वच्छ लिहिलेलं आहे. उपचार चालू असलेल्या बाईला ‘साखर सोड, कॅन्सर मरेल’ असं सांगणाऱ्यानं ते वाक्य वाचलंच नाही किंवा वाचून लपवलं. यातलं वाईट कोणतं, हे मला ठरवता येत नाही. रुग्णाचा आहार बदलायचा तो डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून, रोजची साखर आणि वजन पाहत.

माझी आशा दुसरीकडे आहे. या विकरात 1047 व्या जागी हिस्टिडीनऐवजी आर्जिनिन येणं, हा कॅन्सरमधला नेहमीचा बदल. फक्त बदललेल्या रूपालाच पकडणारी आणि निरोगी विकराला, म्हणजे इन्सुलिनच्या वाटेला, हात न लावणारी औषधं आता माणसांवरच्या चाचण्यांत आहेत. ती साखर न चढवता गाठ रोखू शकली, तर पुढच्या रुग्णांना भात-पोळी आणि औषध यांत निवड करायची वेळ येणार नाही.