क्रोनो ट्रिगर : एका खेळाची पुनरागमने

१/ ११ मार्च १९९५ रोजी जपानमध्ये 'क्रोनो ट्रिगर' हा खेळ सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी विक्रीस आला. त्याचे कथानक कालप्रवासाचे. पुढे दर काही वर्षांनी तो नव्या यंत्रावर, नव्या वेष्टनात परतत राहिला. प्रत्येक परतीत त्याचे काहीतरी मागे राहिले आणि काहीतरी नवे चिकटले. जुना खेळ नव्या यंत्रावर येतो तेव्हा नेमके काय येते, हे पाहण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. #थ्रेड

२/ आधी कर्त्यांविषयी. 'फायनल फँटसी'चे जनक हिरोनोबू साकागुची हे स्क्वेअर कंपनीचे, तर 'ड्रॅगन क्वेस्ट'चे जनक युजी होरी यांचे खेळ एनिक्स ही कंपनी प्रकाशित करी. दोन्ही घराणी परस्परांची कडवी प्रतिस्पर्धी. तरीही हे दोघे एकत्र आले आणि तिसरे आले चित्रकार अकिरा तोरियामा. (ज्या मराठी घरांत दुपारी शाळेतून आल्यावर 'ड्रॅगन बॉल झी' लागत असे, तेथे तोरियामांच्या रेषेची ओळख करून देण्याची गरज नाही. क्रोनोचे ताठ उभे केस पाहताच ती पटते.) पुढे २००३ मध्ये त्या दोन कंपन्या खरोखरच एक झाल्या.

३/ संपूर्ण खेळ ३२ मेगाबिटांच्या, म्हणजे ४ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये मावला होता. आजच्या फोनवरील एखाद-दुसरे छायाचित्र तेवढी जागा सहज व्यापते. त्या जागेत डायनोसॉरांच्या काळापासून इ. स. २३०० च्या भग्न जगापर्यंतचा प्रवास, अनेक वेगवेगळे शेवट आणि ध्वनिचिपच्या आठ वाहिन्यांवर वाजणारे संगीत बसवले गेले.

४/ त्या संगीताची किंमत एका तरुणाने स्वतःच्या प्रकृतीने चुकवली. यासुनोरी मित्सुदा स्क्वेअरमध्ये ध्वनितंत्राचे काम करीत. 'संगीत रचण्याची संधी द्या, नाहीतर मी जातो,' असा निर्वाणीचा निरोप त्यांनी साकागुचींना दिला आणि वाट्याला आला हाच खेळ. अतिश्रमाने त्यांना पोटात अल्सर झाले. उरलेल्या काही रचना ज्येष्ठ सहकारी नोबुओ उएमात्सू यांनी पूर्ण केल्या. पुढच्या बहुतेक सर्व आवृत्त्यांनी हे संगीत जिवापाड जपले, हा त्यातला दिलासा.

५/ पहिले मोठे पुनरागमन झाले प्लेस्टेशनवर, २ नोव्हेंबर १९९९ रोजी. येथे इतिहासाने एक खोडी काढून ठेवली आहे. खेळाच्या कथेत 'लाव्होस' नावाचा महाकाय परजीवी भूगर्भातून बाहेर येऊन जगाचा विध्वंस करतो, ते वर्षही १९९९. मूळ खेळाडूंच्या दृष्टीने ते वर्ष भविष्यात होते. नवी आवृत्ती हाती आली तेव्हा ते सरत आले होते. आज हा खेळ नव्याने उघडणाऱ्याला तो जगबुडीचा दिवस आपल्या शाळकरी वर्षांत कुठेतरी पडलेला आढळतो. कथेतील एक शब्दही न बदलता तिचा काळ बदलला.

६/ दुसरी खोडी यंत्राची. सुपर फॅमिकॉमची ध्वनिचिप सोनीच्या केन कुतारागी यांनी घडवली होती आणि प्लेस्टेशनचे जनकही तेच. म्हणजे खेळ एका अर्थी ओळखीच्याच घरी चालला होता. तरीही तेथे तो अडखळला. कार्ट्रिजमधील माहिती यंत्राला तत्क्षणी मिळते. सीडी मात्र फिरावी लागते, भिंगाला योग्य जागा शोधावी लागते. मेनू उघडताना खंड, लढाई सुरू होताना खंड.

७/ हा खंड दुसऱ्या एखाद्या खेळात खपला असता. परंतु त्या काळातील बहुतेक भूमिकाप्रधान खेळांत लढाई आली की पडदा बदलून वेगळे रणांगण येत असे, आणि 'क्रोनो ट्रिगर'ने नेमकी तीच पद्धत मोडली होती. ज्या अरण्यात चालायचे, त्याच अरण्यात, त्याच जागी शस्त्र उपसायचे. सलगता हेच त्याचे वैशिष्ट्य होते आणि सीडीने घाव घातला तो तेथेच. नव्याने जोडलेली ॲनिमेशनची दृश्ये देखणी आहेत यात शंका नाही, पण दागिना घालून लंगडणाऱ्याचे लंगडणे काही लपत नाही.

८/ आता या धाग्याचा गाभा. खेळाच्या उत्तरार्धात रोबो हे यंत्रपात्र एका ओसाड भूमीवर पुन्हा अरण्य उभे राहावे म्हणून इ. स. ६०० मध्ये मागे थांबते. सोबती क्षणात इ. स. १००० मध्ये पोचतात, रोबोसाठी मात्र मध्ये ४०० वर्षे गेलेली असतात. त्या रात्री अरण्यात शेकोटीभोवती सारे बसतात. रोबो एक तर्क मांडतो : हे कालद्वार कोणीतरी उघडीत असावे, ज्याला आपल्या आयुष्यातील काही क्षण पुन्हा पाहायचे आहेत. मग सर्व झोपतात आणि लुका या शास्त्रज्ञ मुलीसमोर एक लाल द्वार उघडते.

९/ द्वारापलीकडे आहे इ. स. ९९०, तिचेच बालपणीचे घर. वडिलांच्या यंत्रात आईचा घागरा अडकला आहे. लहानगी लुका भेदरून उभी आहे, कारण यंत्र थांबवण्याचा सांकेतिक शब्द तिला ठाऊक नाही. याच अपघातात आईचे पाय गेले होते. मोठ्या लुकाच्या हाती वेळ थोडा. वडिलांनी लिहून ठेवलेला सुगावा सांगतो की तो शब्द म्हणजे त्यांच्या प्रिय पत्नीचे नाव. लारा.

१०/ हे नाव टंकायचे कसे? सुपर फॅमिकॉमच्या नियंत्रकावर एल, ए आणि आर ही रोमन अक्षरे लिहिलेली बटणे आहेत. एल-ए-आर-ए. आईचे नाव बोटांखालीच असते, पहिल्या मिनिटापासून, फक्त कोणाच्या लक्षात आलेले नसते. ज्याला ते वेळेत उमगले त्याची लारा पुढे चालू लागते. ज्याला उमगले नाही त्याच्या डोळ्यांदेखत यंत्र फिरत राहते आणि ती बसल्या जागीच राहते. संवादातून न सांगता हाताला कळलेली गोष्ट!

११/ प्लेस्टेशनच्या नियंत्रकावर ए नाही. त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन. प्रसंग तोच, संगीत तेच, आई तीच, पण नाव आणि बोट यांची गाठ सुटली. कोणत्याही जाहिरातीत, कोणत्याही वेष्टनावर या हानीची नोंद सापडणार नाही, कारण सांकेतिक भाषेतील एकही ओळ गहाळ झालेली नव्हती.

१२/ ती गाठ पुन्हा बसली २००८ मध्ये, निन्टेंडो डीएसवर. त्यावर एल, आर आणि ए तिन्ही आहेत. मेनू खालच्या पडद्यावर गेल्याने वरचे चित्र मोकळे झाले. युरोपात तर हा खेळ अधिकृतपणे प्रथमच पोचला तो याच रूपात, फेब्रुवारी २००९ मध्ये, मूळ प्रकाशनानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी. तेथील वाचकांनी 'पुनरागमन' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरावा, हा प्रश्नच आहे.

१३/ पण डीएसने दुसरे काहीतरी काढून घेतले. १९९५ चा इंग्रजी अनुवाद टेड वूल्सी यांचा. त्यांनी बेडूक झालेल्या शापित सरदाराच्या तोंडी जुनी, दरबारी इंग्रजी घातली. आपल्याकडे एखाद्या पात्राने मध्येच बखरीच्या भाषेत बोलू लागावे, तशी. मूळ जपानी पात्र असे बोलतच नाही! टॉम स्लॅटरी यांच्या नव्या अनुवादाने ही भर बव्हंशी दूर केली आणि बेडूक मुळाशी प्रामाणिक झाला.

१४/ प्रामाणिकपणा आला, आणि अनेकांचा जिवलग हरवला. व्हिनेगर, सोया सॉस आणि मेयोनेझ यांवरून नावे पडलेल्या तीन जपानी खलनायकांना वूल्सींनी ऑझी, स्लॅश आणि फ्ली अशी रॉक संगीतातील नावे दिली होती. तीही मुळात नव्हती. तरीही ज्या पिढीने खेळ त्याच इंग्रजीत अनुभवला, तिचे मूळ तेच. चुकीचा अनुवादही वीस वर्षे कानात राहिला की त्याला वारसाहक्क मिळतो, आणि येथे तो मान्य करणेच न्याय्य वाटते.

१५/ फेब्रुवारी २०१८ मध्ये खेळ स्टीमवर, म्हणजे संगणकावर आला. ही आवृत्ती मोबाइलवरून उचललेली होती. बोटाने दाबण्याजोगी मोठी बटणे, गुळगुळीत करून पुसट केलेली चित्रे. टीकेची झोड उठली. एप्रिलपासून काही महिने सुधारणा येत गेल्या आणि त्यांतली पहिली होती मूळ चित्रशैली निवडण्याची सोय. चित्रे घासूनपुसून 'सुधारताना' एक भान सुटले होते : मूळ कलाकाराने प्रत्येक ठिपका हाताने मांडला होता, तो खडबडीत दिसावा म्हणून नव्हे, पण पुसला जावा म्हणूनही नव्हे.

१६/ सर्वांत निष्ठावान पुनरागमन सर्वांत शांतपणे झाले. २०११ मध्ये मूळ सुपर फॅमिकॉम खेळ जसाच्या तसा वी यंत्राच्या दुकानात आला. ना नवी दृश्ये, ना नवा अनुवाद. जानेवारी २०१९ मध्ये ते दुकानच बंद झाले. ज्यांनी आधी विकत घेऊन उतरवून ठेवला होता, त्यांच्या यंत्रांत तो आहे. इतरांना तो मार्ग उरलेला नाही.

१७/ म्हणून काही जण पुन्हा मूळ कार्ट्रिजकडे वळतात. तिच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. खेळाची प्रगती जतन करणारी स्मृती तिच्यावरच जगते. जतनासाठी जागा तीन. बॅटरी संपली की तिन्ही रिकाम्या. नवी बसवायची तर डाग देऊन जुनी काढावी लागते आणि ती निघताच कोणे एके काळी कोणा भावंडाने आपले नाव घालून ठेवलेला प्रवासही पुसला जातो. जाणकार आधी उपकरणाने त्याची प्रत काढून घेतात, किंवा बदलताना बाहेरून वीज पुरवतात. काही जण बॅटरीला हातच लावत नाहीत.