मानेतल्या खिडक्या

‘अगं, भरल्या घरात असा डोक्यावर हात ठेवून बसू नये!’ सासूबाई म्हणाल्या आणि मी चटकन हात खाली घेतला. पण दोनच मिनिटांत तो आपोआप पुन्हा डोक्यावर गेला. काय करणार? तेवढे केले की डाव्या हातातली कळ कमी व्हायची.

जानेवारीतली दिल्लीची थंडी होती. तीन आठवडे माझा डावा हात ठणकत होता. कळ मानेत सुरू व्हायची, खांद्यावरून दंडात उतरायची आणि अंगठा व तर्जनी यांना मुंग्या येऊन थांबायची. डावा हात म्हटल्यावर पहिली शंका हृदयाचीच आली. आधी ईसीजी काढला, तो नीट निघाला. मग ‘वात असेल’, ‘झोपेत मान अवघडली असेल’, ‘उशी बदल’ असे घरगुती सल्ले सुरू झाले. ह्यांचा सल्ला तर भलताच होता. इंदिरापुरमच्या बाजारात ह्यांचा नेहमीचा न्हावी आहे. केस कापून झाले की हनुवटी आणि डोके धरून तो अशी काही मान फिरवतो की कडकड आवाज येतो. ‘त्याला घरी बोलावू, दोन मिनिटांत मोकळी होशील,’ हे म्हणाले. माझे नशीब बलवत्तर, म्हणून त्याआधी मी डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी माझे डोके मागे आणि डावीकडे कलते करून वरून हलकेच दाबले. हातातून वीज गेल्यासारखी कळ आली. मग त्यांनी विचारले, ‘हात डोक्यावर ठेवला की बरे वाटते का?’ मी चकितच झाले. घरात जे अवलक्षण ठरले होते, ते इथे निदानाची खूण होते! हात वर गेला की मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूवरचा ताण सैल होतो, म्हणून बरे वाटते.

टेबलावर मानेच्या मणक्यांचा प्लॅस्टिकचा सांगाडा होता. तो हातात घेऊन त्यांनी मला जे दाखवले, ते मी आजवर कधी पाहिले नव्हते. माणसाच्या मानेत मणके सात. जिराफाच्या त्या लांबलचक मानेतही सातच. पण मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या मात्र आठ. हे कसे? तर पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरून, कवटीच्या खालून निघते आणि आठवी सातव्या मणक्याच्या खालून. दुसऱ्या मणक्यापासून पुढे, दोन मणक्यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक छिद्र असते. ही मज्जातंतूंची खिडकी. उंची साधारण एक सेंटिमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. तुरीचा दाणा जेमतेम मावेल एवढी! तिच्यातून खांद्याला, दंडाला, बोटांना हालचाल आणि स्पर्श पुरवणारा मज्जातंतू बाहेर पडतो.

या खिडकीच्या चौकटीचे काही भाग हलते असतात, हीच खरी गोम. वरच्या आणि खालच्या बाजूला मणक्यांचे हाड असते. पण पुढे दोन मणक्यांमधली गादी आणि तिच्या कडेचा छोटा सांधा असतो, तर मागे दुसरा सांधा. वयाबरोबर गादी सुकते, तिची उंची घटते, सांध्यांच्या कडांना हाडाचे कंगोरे येतात आणि खिडकी लहान होत जाते. कधी गादीच फुगून आत येते. शिवाय मान मागे टाकली किंवा एका बाजूला कलती केली की त्या बाजूची खिडकी आणखी अरुंद होते. मान पुढे झुकवली की ती थोडी रुंदावते.

‘तुमची पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली खिडकी कुरकुरते आहे,’ डॉक्टर म्हणाले. अंगठा आणि तर्जनी या सहाव्या मज्जातंतूच्या ताब्यात. मधले बोट सातव्याच्या आणि करंगळी आठव्याच्या. कोणत्या बोटाला मुंग्या येतात यावरून कोणती खिडकी अडली याचा बराचसा अंदाज येतो.

मग माझी उलटतपासणी झाली. कार्यालयात संगणकाचा पडदा समोर नव्हे, डाव्या अंगाला. घरी पोळ्या लाटताना मोबाइल डाव्या कानाशी, खांद्याने दाबून धरलेला. रोज तासन् तास मी माझी खिडकी माझ्याच हाताने लावून घेत होते! हाताची ताकद शाबूत होती, म्हणून एमआरआयची घाई नको, असे डॉक्टर म्हणाले. थोड्या दिवसांची औषधे, हलके व्यायाम, पडदा डोळ्यांसमोर आणि धीर. असे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. न्हाव्याचे नाव काढताच मात्र त्यांनी हात जोडले. मानेच्या मणक्यांच्या बाजूंना आणखीही छिद्रे असतात, त्यांतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी वर चढते. मान हिसक्याने पिरगाळताना ती क्वचित आतून फाटते आणि अर्धांगाचा झटका येऊ शकतो.

उठताना ते म्हणाले, ‘बटणे लावताना बोटे अडखळू लागली, हातातून वस्तू पडू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र एक दिवसही थांबू नका.’

परतताना मेट्रोत बसले आणि एकदम पोटात खड्डा पडला. ही माझी लक्षणे नव्हती. ही सासूबाईंची होती.

गेल्या गणपतीत त्यांच्या मोदकांच्या कळ्या फाटत होत्या. चाळीस वर्षे ज्यांच्या मोदकांची नातेवाइकांत वाखाणणी झाली, त्यांनी उकड तशीच ठेवून म्हटले, ‘तांदळाची पिठी चांगली नाही इथली.’ आम्ही हसलो. मग कपबशा फुटू लागल्या. ‘आई, लक्ष कुठे असते तुमचे?’ असे मीच एकदा करवादले होते. ब्लाउजचे हूक लावायला त्या नातीला हाक मारत. भिंतीला हात लावून चालत. दुखत मात्र काहीच नव्हते. म्हणून ना त्यांनी तक्रार केली, ना आम्ही विचारले.

पुढच्याच आठवड्यात त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी मुठी भरभर उघडायला-मिटायला सांगितल्या. निरोगी माणूस दहा सेकंदांत वीस वेळा तरी हे करतो. सासूबाई नवावर अडकल्या. एमआरआयने सांगितले ते असे: माझी खिडकी अडली होती, त्यांचा घराचा बोळच अरुंद झाला होता. मणक्यांच्या मधून मेंदूकडून खाली जाणारी मज्जारज्जू दाबली जात होती. खिडकी अडली की एक हात ओरडतो. बोळ अडला की सारे घर मुकाट्याने थकत जाते. शस्त्रक्रियेने जागा करून द्यायची, म्हणजे बिघाड थांबेल. गेलेले किती परत येईल, याची हमी नाही.

घरात खलबते सुरू झाली. नाशिकहून धाकट्या दिरांचा फोन, ‘अडुसष्टाव्या वर्षी मानेचे ऑपरेशन? कशाला?’ सासूबाई नुसत्या ऐकत होत्या.

एका संध्याकाळी मी त्यांना मेजर हरिपालसिंग अहलुवालियांची गोष्ट सांगितली. दिल्लीत मणक्याचे दुखणे निघाले की वसंत कुंजमधल्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरचे नाव निघतेच. ते त्यांनी उभारले. 29 मे 1965 रोजी ते एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, त्या वर्षीच्या भारतीय मोहिमेतल्या नऊ शिखरवीरांपैकी एक. आणि त्याच वर्षीच्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात त्यांच्या मणक्याला गोळी लागली. उरलेले आयुष्य, 2022 साली निधन होईपर्यंत, चाकाच्या खुर्चीत गेले. पण मणक्याच्या रुग्णांना आपल्या देशात नीट उपचार मिळावेत, म्हणून ते त्या खुर्चीतूनच झटले.

‘त्यांचे पाय आले का गं परत?’ सासूबाईंनी विचारले.

‘नाही, आई.’

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे गेलेले मोजत बसायचे नाही. राहिलेले सांभाळायचे. करून टाकू या.’

मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. आता त्या भिंतीचा आधार न घेता फाटकापर्यंत जातात. बोटांत थोडा बधिरपणा आहे, तो राहील असे दिसते. माझा हातही दोन महिन्यांत शांत झाला.

या गणपतीत आयएनए मार्केटातून नारळ आणले. सासूबाई पाटावर नव्हे, खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पाच मोदक वळले. प्रत्येकाला तासाभराचा वेळ लागला म्हणा ना! कळ्या वाकड्यातिकड्या, दोन मोदक फाटलेले. यंदा पिठीला कोणी नावे ठेवली नाहीत. फाटलेले मोदक मी माझ्या पानात वाढून घेतले.