कॅसेटीतली चिठ्ठी

आमच्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांत अजून कुठे कुठे कॅसेटींचा डबा निघतो. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या खासगी मैफली! आता नातवंडं त्या यूट्यूबवर चढवतात. चढवा, बिलकुल चढवा. खाँसाहेब १९७४ साली अपघातात गेले आणि मागे अधिकृत रेकॉर्डी राहिल्या मोजक्याच. मारवा-दरबारीची ती प्रसिद्ध एलपी घ्या, एका बाजूला जेमतेम वीसेक मिनिटं. चौदा मात्रांच्या झुमऱ्यात, त्यांच्या त्या संथ लयीत, एवढ्यात नुसती सुरुवात व्हायची. म्हणून या चोरट्या टेपाच हव्यात.

पण एक सांगते. आमचे काका टेप द्यायचे ते टेपेच्या बदल्यात, पैसे कधीच नाहीत. आत चिठ्ठी असायची: राग, जागा, तारीख, तबल्यावर कोण. आता तीच मैफल नेटवर पाच ठिकाणी सापडते, चिठ्ठी कुठेच नाही. एकाने तर दाद, खोकला, तंबोरा जुळवणं सगळं कापलं आणि वर स्वतःचं नाव डकवलं! अहो, ते गाणं समोरच्या पंधरा-वीस माणसांसाठी होतं, हे त्या दादेवरूनच तर कळतं.

काही टेपांवर यजमानांनी "पुढे देऊ नये" असं लिहिलंय. खाँसाहेबांना तरी विचारलं होतं की नाही, कोण जाणे. त्या मी डब्यातच ठेवल्यात. बाकीच्यांचा आधी चिठ्ठीचा फोटो, मग आवाज, असं हळूहळू चाललंय. एकीवर मात्र फक्त "रामबाग, पावसाळा" एवढंच आहे. तुमच्या घरी कुणाला आठवतं का ती मैफल?