हवा आणि काच : कामतघरास पाठवलेली पत्रे

पवईहून

भिवंडीच्या कामतघरात वऱ्हाळदेवी तलावाच्या काठावरून लंडनला लावलेला फोन हवेतून जातो तो जेमतेम जवळच्या टॉवरपर्यंत. तिथून पुढे त्याला बहुधा जमिनीखालचे ऑप्टिकल फायबर मिळते, मग मुंबईच्या किनाऱ्यावरचे केबल स्टेशन आणि समुद्रतळावरची केबल. पलीकडच्या टोकाला शेवटचे काही मीटर पुन्हा हवा. म्हणजे वायरलेस फोनचा जवळजवळ सगळा रस्ता काचेतला असतो. म्हणूनच पदव्युत्तर पातळीवर रेडिओ आणि प्रकाश हे विषय जोडीने शिकवले जातात, आणि ते योग्यच आहे. एकच बाजू शिकलेल्या अभियंत्याला बिघाडाची जागा अर्धीच दिसते.

महाराष्ट्रात या शिक्षणाची नेहमीची वाट गेट या प्रवेशपरीक्षेतून जाते. तिचे गुण 3 वर्षे ग्राह्य असतात. पवईची आयआयटी 1958 ची, माटुंग्याची व्हीजेटीआय 1887 ची, एम.टेक. साधारण 2 वर्षांचे. गेटमधून आलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी महिना 12,400 रुपये विद्यावेतनाची तरतूद आहे. यंत्रमागाच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात मुलाला पुढे शिकवायचे की कामाला लावायचे, हे एवढ्या रकमेवरही ठरू शकते.

पहिले सत्र गणिताचे. संभाव्यता आणि रेषीय बीजगणित पक्के नसेल तर पुढचे काहीच उलगडत नाही. क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये दाखवून दिले की कोणत्याही मार्गावरून बिनचूक किती माहिती नेता येईल याला एक कमाल मर्यादा असते आणि ती बँडविड्थ व गोंगाटाचे प्रमाण यांवर ठरते. उरलेला अभ्यासक्रम त्या मर्यादेच्या जवळ कसे जायचे याचाच आहे. हवेतली मोठी अडचण फेडिंगची. भिवंडीच्या पत्र्याच्या गोदामांवर आदळून एकच सिग्नल अनेक वाटांनी फोनपाशी पोचतो; त्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी मारून टाकतात. ओएफडीएम पद्धतीत वेगवान प्रवाह शेकडो मंद प्रवाहांत वाटून हा त्रास आटोक्यात आणतात. माइमो तर अनेक अँटेना लावून त्याच अनेक वाटांचा फायदा करून घेते.

खोडदहून

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला हवा आणि काच यांची जोडणी उघड्या माळावर पाहायला मिळते. इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांतल्या 14 मध्यभागी दाटीने आहेत आणि बाकीच्या तीन फाट्यांवर पसरल्या आहेत. सगळा पसारा सुमारे 25 किलोमीटरचा. आकाशातून येणारा सिग्नल कमालीचा क्षीण. तबकडीपाशी तो वाढवून लेझरच्या प्रकाशावर चढवला जातो आणि फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत आणला जातो. तांब्याच्या तारेतून एवढ्या अंतरात तो टिकला नसता. दूरच्या टॉवरची अँटेना फायबरने केंद्राशी जोडताना हेच तत्त्व वापरतात. अभ्यासक्रमात त्याला रेडिओ-ओव्हर-फायबर म्हणतात. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हे केंद्र 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त लोकांना पाहता येते. अभियांत्रिकीच्या मुलांनी तो दिवस चुकवू नये.

पुणे जिल्ह्याला रेडिओ नवा नाही. 1927 मध्ये इंग्लंडशी बीम वायरलेस सेवा सुरू झाली तेव्हा संदेश पाठवण्याचे केंद्र खडकीला आणि घेण्याचे दौंडला होते. खोडदजवळच्याच आर्वीत 1971 मध्ये उपग्रह भूकेंद्र सुरू झाले.

छत्रपती संभाजीनगरहून

या शहराच्या औद्योगिक पट्ट्यात फायबर तयार होते. अतिशुद्ध काचेचा दांडा भट्टीत सुमारे 2000 अंश सेल्सिअसला मऊ करून त्यातून केसासारखा धागा ओढतात. धाग्याची जाडी 125 मायक्रॉन, आणि प्रकाश धावतो तो गाभा अवघा 9 मायक्रॉनच्या आसपास.

असे दोन धागे जोडणे हा प्रयोगशाळेतला पहिला कस. स्ट्रिपरने प्लास्टिकचा लेप काढायचा, काच अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरने टोक काटकोनात तोडायचे, मग स्प्लायसरमध्ये दोन्ही टोके समोरासमोर धरायची. पडद्यावर ती बोटाएवढी जाड दिसतात. विजेची ठिणगी पडते आणि काच एकजीव होते. चांगल्या जोडात 0.05 डेसिबलहूनही कमी प्रकाश वाया जातो. धुळीचा एखादा कण मध्ये आला तर सगळे पुन्हा.

लंडनहून

ब्लूम्सबरीतल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वायरलेस आणि ऑप्टिकल कम्युनिकेशन्स या जोडनावाचीच एमएस्सी आहे, एक वर्षाची. अँब्रोज फ्लेमिंग यांनी 1904 मध्ये रेडिओसाठी निर्वात नळीचा व्हॉल्व्ह शोधला तेव्हा ते इथेच प्राध्यापक होते. काचेच्या बाजूची गोष्टही लंडनच्या परिसरातलीच. हार्लोच्या प्रयोगशाळेत चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकम यांनी 1966 मध्ये मांडले की काचेत प्रकाश विझतो तो मुख्यतः अशुद्धीमुळे. क्षय किलोमीटरला 20 डेसिबलवर आणला, म्हणजे किलोमीटरअंती शंभरातला एक भाग उरला, तरी दूरसंचार शक्य होईल. 1970 मध्ये अमेरिकेत कॉर्निंगने ती रेषा ओलांडली. काव यांना 2009 चे नोबेल मिळाले. आजच्या फायबरमध्ये क्षय किलोमीटरला 0.2 डेसिबल आहे. 15 किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो.

तरी समुद्राखाली ठरावीक अंतरावर वर्धक लागतोच. अर्बियम मिसळलेल्या फायबरचा वर्धक 1980 च्या दशकात तयार झाला आणि प्रकाशाचे विजेत रूपांतर न करता अनेक रंग एकदम वाढवता येऊ लागले. पण शक्ती वाढवत नेली की काचच सिग्नल बिघडवू लागते. या अरैखिक परिणामांवर इथल्या ऑप्टिकल नेटवर्क्स गटाचे काम नावाजलेले आहे; 2020 मध्ये लिडिया गाल्डिनो आणि सहकाऱ्यांनी एका फायबरमधून सेकंदाला 178 टेराबिट पाठवून दाखवले.

वर्षाचा पहिला भाग व्याख्याने, प्रयोग आणि परीक्षांचा, उन्हाळा प्रकल्पाचा. गेटऐवजी इथे बी.ई.चे गुण, शिफारसपत्रे आणि इंग्रजीची परीक्षा पाहतात. खर्च मात्र जड. मुंबईची जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दोन्हींचे अर्ज प्रवेशाच्या खटपटीबरोबरच करावे लागतात. प्रकल्पाचा विषय निवडताना प्रत्यक्ष मोजमाप करायला मिळेल असाच घ्यावा. पुढे पीएचडीला जायचे असो वा नेटवर्क कंपनीत, मुलाखतीत सर्वाधिक प्रश्न त्यावरच येतात.