टाटाला गेलेला तुकडा

ऐंशीच्या दशकात कोल्हापुरात यकृताच्या गाठीला दोनच कारणं ठाऊक होती : दारू आणि कावीळ. तालमीत घाम गाळणारा विशीतला पोरगा उजव्या बरगडीखाली गोळा घेऊन आला, तरी शेजारी त्याच्या बापाला बाजूला घेऊन विचारणारच, ‘पोरगं घेतंय काय हो?’

तेव्हाचे डॉक्टर पोटावर बोटांनी ठोकून यकृताची कड शोधायचे आणि सावकाश बोलायचे. गाठीचा तुकडा काढला की फॉर्मलिनच्या बाटलीत घालून घरचंच कुणीतरी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं न्यायचं. रात्रभर बाटली मांडीवर. सकाळी दादरला उतरायचं, तिथून परळला, टाटा कॅन्सर हॉस्पिटलला. मग रिपोर्टसाठी पोस्टमनची वाट. त्या वाटेला अख्खी गल्ली सामील असायची, हे मात्र आता राहिलं नाही.

एवढं करून रिपोर्टवर बहुधा ‘यकृताचा कर्करोग’ इतकंच. दारू, कावीळ, सिरॉसिस यांपैकी कशाशीच संबंध नसलेला, तरण्याताठ्यांना गाठणारा एक दुर्मिळ प्रकार असतो, हे आमच्या गल्लीला कोण सांगणार? अमेरिकेत ह्यू एडमंडसन यांनी १९५६ मध्येच १४ वर्षांच्या मुलीत तो नोंदवला होता. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या गुलाबी पेशी आणि त्यांच्यामधून थरांनी गेलेले तंतूंचे पट्टे दिसतात, म्हणून नाव फायब्रोलॅमेलर.

आता सोनोग्राफी तर गल्लोगल्ली. सीटीत गाठीच्या मधोमध व्रणासारखी खूण दिसली, तरी तशीच खूण एका निरुपद्रवी गाठीतही असते. खरा उलगडा झाला २०१४ मध्ये. बाराव्या वर्षी याच आजाराचं निदान झालेल्या एलाना सायमन या मुलीनं, शाळेत असतानाच, वडिलांच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांसोबत मूळ बिघाड शोधला : १९व्या गुणसूत्राचा सुमारे ४ लाख अक्षरांचा भाग गळतो आणि दोन जनुकं एकमेकांना चिकटतात. हा जोड आता तुकड्यातच तपासता येतो. बापाला बाजूला घ्यायची गरज संपली, म्हणायचं. उपचार मात्र अजूनही मुख्यतः शस्त्रक्रियेचाच. तो लवकर झालेला बरा.

म्हणून एक सांगणं. तरुण माणसाच्या यकृतात गाठ निघाली आणि रक्तातलं एएफपी, म्हणजे यकृताच्या कर्करोगाची खूण म्हणून तपासलं जाणारं प्रथिन, नॉर्मल आलं, तर निर्धास्त होऊ नका. या प्रकारात ते बहुतेकदा नॉर्मलच असतं. यकृताच्या सर्जनला गाठा. तुकडा काढलाच, तर रिपोर्टाबरोबर तो तुकडा मेणात बसवलेला ब्लॉकही मागून घ्या आणि जपून ठेवा; जनुकांचा जोड पुढे त्यातच तपासता येतो.